उर्बाँमामांचे हात

"अंगावरचं सगळं काढायचं?" उर्बाँमामांनी विचारलं.

"सगळं."

"सदरासुद्धा?"

"मामा, सगळं म्हणजे सगळं."

उर्बाँमामा खुर्चीतून हललेसुद्धा नाहीत. साठी उलटलेला माणूस, उभा जन्म फ्रान्समधल्या पिकार्दी प्रांतातल्या एका खेड्यात पाद्री म्हणून काढलेला, स्वतःचे गुडघेसुद्धा त्यांनी कधी धड उजेडात पाहिले नसतील. आणि हा सख्खा भाचा म्हणतो, कपडे उतरवा आणि त्या लाकडी चौथऱ्यावर चढून उभे राहा. बरं, भाचा वाह्यात असता तर दोन थोबाडीत देऊन मोकळं होता आलं असतं. पण बाझील तेरिये चित्रकार होता, आणि चित्रकारांत ही रीतच होती. माणूस आधी उघडा काढायचा, हाडं कुठे, स्नायू कुठे, वजन कुठल्या पायावर, ते सगळं जागच्या जागी बसवायचं, आणि मग त्याच्यावर कापड चढवायचं. त्याच्या गुरूंनी पोरांच्या डोक्यात हे असं ठोकून बसवलं होतं की झोपेतसुद्धा कुणी विसरलं नसतं.

"वरून ती चादर गुंडाळणारच आहेस ना?" मामा म्हणाले. "मग आत काय आहे ते कुणाला दिसतंय?"

"चादर नाही ती. रोमन माणसाचा झगा आहे. आतलं शरीर खरं नसेल तर वरचं कापड खोटं दिसतं."

"जन्म झग्यातच काढला रे मी. आत काय आहे म्हणून एकानं विचारलं नाही."

पडद्यामागे शेंगा सोलत बसलेली ज्युस्तीन, बाझीलची बायको, फिस्सकन हसली. मामाही हसले, आणि हसता हसता एकदाचे उठले. कमरेला पंचा गुंडाळायची तेवढी सवलत त्यांनी भांडून मिळवली. चौथऱ्यावर चढताना गुडघ्यांच्या नावानं कुरकुर केली, खिडकीतून वारा येतो म्हणून कुरकुर केली, आणि मग उभे राहिले ते मात्र खांबासारखे. तासन् तास एका जागी उभं राहायची सवय या धंद्यात येणाऱ्या पोरांना लावावी लागते. मामांना ती आयतीच होती.

आता एका पाद्र्यावर ही वेळ का आली? तर क्रांतीनंतरच्या सरकारनं मागेच फर्मान काढलं होतं की प्रत्येक पाद्र्यानं राष्ट्राची शपथ घ्यायची. घेतली तर गावात राहा, नाही तर चालते व्हा. शेजारच्या गावच्या पाद्र्यानं शपथ घेतली आणि संध्याकाळी कोंबडी खाल्ली. उर्बाँमामांनी कागद हातात घेतला, चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, "यातलं अर्धं मला पटतं. पण अर्धी शपथ कशी घेतात ते ठाऊक नाही बुवा." आणि कागद परत दिला. त्यांना काही हुतात्मा व्हायचं नव्हतं. काही माणसांना जशी शीळ घालता येत नाही, तसं त्यांना खोटं बोलता येत नव्हतं, एवढंच.

त्यानंतर ते कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या माळ्यावर लपून राहिले. कायद्याचे दात दिवसेंदिवस वाढत गेले. शपथ न घेतलेला पाद्री सापडला की त्याची मान गेली, आणि ज्याच्या घरात सापडला त्याचीही. शेवटी त्यांच्या बहिणीनं, म्हणजे बाझीलच्या आईनं, पेरिननं, त्यांना शेतकऱ्याचा सदरा चढवला, डोक्यावर पाद्र्याची भादरलेली चकती होती तिथे केस वाढू दिले आणि गाजरांच्या गाडीत बसवून पॅरिसला पाठवलं. गाडीवाल्याकरवी तोंडी निरोप होता: "माझा भाऊ पाठवते आहे. मला दुसरा नाही. सांभाळ." बाझीलचा बाप तो लहान असतानाच गेला होता. त्याला वाढवलं, लिहायला-वाचायला शिकवलं, भिंतीवर कोळशानं गाढवं काढली म्हणून मारायच्या ऐवजी कागद आणून दिला, तो याच मामानं. सांभाळणार नाही तर काय करणार?

लपवायचं तर उजेडातच लपवू, ही कल्पना बाझीलची. त्याच्या चित्रशाळेत दिवसभर माणसांची ये-जा. तळघरात कोंडलेला म्हातारा कधी ना कधी खोकणार. पण चौथऱ्यावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे सगळे बघतात आणि कुणालाच तो दिसत नाही. पेठेत सांगून टाकलं: हा माथ्यू, गाड्यांची चाकं करायचा, हात थरथरायला लागले म्हणून आता नमुना म्हणून उभा राहतो.

त्या वर्षी पॅरिसमध्ये कुणी कुणाला अहो-जाहो करत नव्हतं. सगळे नागरिक, सगळे समान, सगळ्यांना अरे-तुरे. चुकून कुणाच्या तोंडून 'आपण' निघालं तर चारजण वळून बघायचे. त्यामुळे शेजारचा एखादा चित्रकार मध्येच टपकला की बाझील ओरडायचा, "ए म्हाताऱ्या, मान वर कर! झोपलास काय?" आणि तो गेला की स्वतःचा कान धरायचा, "माफ करा मामा."

"राहू दे रे. बरा ओरडतोस. तुझ्या आजोबांवर गेलायस."

रोज पहाटे कोळशाच्या खोलीत मामा एकटेच मिस्सा, म्हणजे पाव-वाइनची रोजची प्रार्थना, म्हणायचे. ज्युस्तीनचा काचेचा पेला, शिळ्या पावाचा तुकडा, आंबूस वाइन. देवाला चालतं म्हणायचे. मग बाहेर येऊन सूप प्यायचे आणि पंचा गुंडाळून रोमन व्हायचे.

चित्र एका स्पर्धेसाठी होतं. विषय बाझीलनंच निवडलेला: मुलगा रणात पडलाय, आणि म्हातारा रोमन बाप त्याची ढाल घ्यायला दोन्ही हात पुढे करून उभा आहे. रडत नाही. प्रजासत्ताकासाठी मुलगा दिला म्हणून ताठ उभा आहे. असली चित्रं तेव्हा लोकांना फार आवडायची. ज्यांच्या घरात खरोखर मुलगा मेला होता त्यांना आवडायची की नाही ते मला माहीत नाही.

मामांना एकच धास्ती होती. "माझं तोंड ओळखेल ना रे कुणीतरी?"

"तुमचं तोंड येणारच नाही," बाझील म्हणाला. फळीवर प्लास्टरचं एक रोमन मुंडकं होतं, नाक ताठ, कपाळ रुंद. शरीर जिवंत माणसाचं घ्यायचं आणि डोकं प्राचीनांचं, हीही रीतच. "धड तुमचं, डोकं त्याचं. तुमची आई स्वर्गातून उतरून आली तरी ओळखायची नाही."

"धन्य आहे," मामा म्हणाले. "देवानं दिलं ते डोकं तुला चाललं नाही होय!"

तर तोंडाची सगळी काळजी घेतली. हाताची घेतली नाही.

झालं असं, की ढाल घ्यायला म्हणून दोन्ही हात छातीपुढे उचलले की मामांचा अंगठा आणि पहिलं बोट आपोआप जुळायचं. उरलेली तीन बोटं सरळ, आणि ही दोन चिमटीत. दोन्ही हातांची. मिस्सेत पाव देवाचा देह झाला की पाद्री ही दोन बोटं जुळवतो ती हात धुईपर्यंत सोडत नाही, न जाणो एखादा कण बोटाला लागला असेल आणि जमिनीवर सांडेल. मामांनी हे उभा जन्म रोज केलं होतं. हात त्या उंचीवर गेले की बोटं मिटणारच.

"मामा, बोटं सोडा."

"सोडली की."

"पुन्हा जुळली."

"अरे देवा." मामा बोटं फाकवायचे. बाझीलची खडूची रेघ कोपरापर्यंत यायच्या आत बोटं पुन्हा जुळलेली असायची. मामांना ते कळायचंसुद्धा नाही.

शेवटी बाझीलनं चित्रवहीत दोन पानं केली. एकात बोटं सुटी काढली, डोक्यानं, जशी असायला हवीत तशी. दुसऱ्यात दिसत होती तशी. आणि दुसरं पान झाल्यावर तो मागे सरकून बघतच राहिला. आजवर इतकं चांगलं त्याच्या हातून काही उतरलंच नव्हतं. सुट्या बोटांचा म्हातारा भीक मागत असल्यासारखा वाटत होता. या म्हाताऱ्याच्या हातात मात्र काहीतरी होतं. दिसत नव्हतं, पण ते सांडू नये म्हणून त्याचं अख्खं शरीर, खांदे, पोट, पायाची बोटं, सगळं जपून उभं होतं. मुलगा गमावलेला बाप असाच उभा राहील. गुरूंनी जे वर्षानुवर्षं डोक्यात कोंबलं होतं ते हे, असं त्याला वाटलं.

आणि ती बोटं काय आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये. लहानपणी मामांच्या मिस्सेला घंटी वाजवायला हाच तर गुडघ्यावर बसायचा. त्याला पक्कं ठाऊक होतं.

ज्युस्तीननं तर पाहताक्षणी विचारलं. "ही बोटं अशी का?"

"तशीच होती."

"बदल ती."

"मोठ्या चित्रात बदलेन. हा नुसता अभ्यास आहे." असं म्हणून त्यानं पावाचा मऊ गोळा घेऊन कडेची एक रेघ पुसली. तेव्हा खोडायला पावच वापरायचे.

"पहाटेपासून रांगेत उभी राहून पाव आणते मी, आणि हा त्यानं रेघा पुसतो! मग ती बोटं का नाही पुसत?"

त्यानं पुसली नाहीत. आणि पहिल्या फेरीसाठी परीक्षकांनी अभ्यासाची पानं मागवली तेव्हा चित्रवहीतून नेमकं तेच पान कापून घेतलं. ज्युस्तीन दारात आडवी उभी राहिली. तिला दिवस गेलेले होते, पोट दिसायला लागलं होतं.

"दुसरं ने ना. सुट्या बोटांचं."

"त्यात दम नाही."

"नसू दे! कुणाच्या लक्षात आलं तर?"

"परीक्षक रोमन बघायला येणार आहेत, ज्युस्तीन, पाद्री नाही. मिस्सेला आता जातंय कोण?"

खरंच होतं, कुणी जात नव्हतं. चर्चमध्ये आता बंदुकीच्या दारूसाठी सोऱ्याची माती उकळत होती, पोरांची नावं ब्रुटस ठेवत होते. सगळं शहर रोमन झालं होतं. पण रोमन व्हायच्या आधी हेच सगळे लोक दर रविवारी गुडघ्यावर बसून पाद्र्याच्या हातांकडेच बघत होते, ही एवढी ढळढळीत गोष्ट त्या शहाण्याच्या डोक्यात आली नाही. किंवा आली आणि त्यानं तिला बाहेर घालवलं. चांगलं चित्र हातात असलं की माणसाला बाकी काही सुचत नाही, आणि मी म्हणतो, तेच चूक आहे. सुचायला हवं.

पानं दालनात टांगली होती. परीक्षकांत चित्रकार थोडे, बाकी पेठेतले कामकरी. कारण कला आता सगळ्यांची होती. त्यात मोंसेल नावाचा एक टोप्या करणारा होता, पेठेतल्या संशयितांवर नजर ठेवणाऱ्या समितीवरचा. माणूस वाईट नव्हता, गमत्या होता. तो बाझीलच्या पानापुढे आला आणि थांबला. बराच वेळ थांबला. बाझीलला वाटलं, जिंकलो.

मोंसेलनं नकळत स्वतःचे हात छातीपुढे उचलले. त्याचीही बोटं जुळली. आणि मग तो खो खो हसला. "अरे, या रोमनाकडे बघा! हा तर मिस्सा म्हणतोय! आमच्या पाद्र्याची अशीच असायची बोटं, लहानपणी वाइन चोरताना याच चिमटीनं माझा कान धरायचा."

सगळे हसले. बाझीलही हसला. हसावंच लागलं.

"नमुना कोण रे तुझा?" मोंसेलनं विचारलं, अजून हसतच.

"माथ्यू म्हणून आहे. चाकं करायचा."

"चाकं," मोंसेल म्हणाला. त्याचं हसू हळूहळू ओसरलं. "येतो एकदा बघायला. उद्याच येतो."

बाझील घरी आला तो धावतच. मामा चुलीपाशी कांदे निवडत बसले होते. तो त्यांच्या पायाशी बसला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. दोन पानं होती हे सांगितलं, कुठलं नेलं हे सांगितलं, ज्युस्तीननं अडवलं होतं हेही सांगितलं. मामांनी ते चित्र कधी पाहिलंच नव्हतं. स्वतःचं उघडं अंग बघायला लाज वाटते म्हणायचे.

मामांचा चेहरा लाल झाला, मग उतरला. "गाढवा," ते म्हणाले. "अरे गाढवा." हातातला कांदा त्यांनी टोपलीत टाकला. नेम चुकला आणि तो खाली घरंगळत गेला. कुणी उचलला नाही.

"आत्ता निघा मामा. मी पोचवतो."

"कुठे? वेशीवर कागद विचारतात. आणि हे गुडघे घेऊन मी काय भिंतीवरून उडी मारू?" मग त्यांनी विचारलं, "चांगलं तरी उतरलंय का?"

बाझीलला रडू कोसळलं. "हो मामा."

"हं." मामांनी डोळे पुसले, कांद्यानं की कशानं कोण जाणे. "मग आता नीट ऐक. ते आले की तू मला ओळखत नाहीस. घाटावर भेटलेला म्हातारा. समजलं?"

"मी असं म्हणणार नाही."

"म्हणशील. तिच्या पोटात लेकरू आहे. माझ्यापायी तिघांना नेतील ते. म्हणशील, आणि तोंड वाकडं न करता म्हणशील."

मोंसेल दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. बरोबर भालेवाले दोघे. त्याच्या हातात ते पान होतं, सुरळी करून आणलेलं. "कामात व्यत्यय नको," तो म्हणाला. "उभा कर तुझ्या माथ्यूला. आम्ही बघतो."

मामा चौथऱ्यावर चढले. वरून झगा घेतला होता. त्यांनी हात उचलले आणि दाही बोटं फाकवून धरली, जिवाच्या करारानं. अंगठा सरकत सरकत पहिल्या बोटाकडे यायचा, मामा तो मागे ओढायचे, पुन्हा यायचा. बाझीलला ते बघवेना. आणि ज्या माणसानं आयुष्यात हातांकडे बघण्याशिवाय काही केलं नव्हतं त्याला दुसरीकडे कुठे बघावं तेही सुचेना.

"बस्स," मोंसेल म्हणाला. आवाजात चेष्टा नव्हती. "खाली कर हात. म्हाताऱ्या, मी तुला सरळ विचारतो. तू पाद्री आहेस?"

आता 'नाही' म्हणायला काय लागत होतं? एक शब्द. कदाचित सुटले असते, कदाचित नसते. मामा खाली उतरले, चौथऱ्याच्या कडेवर बसले, गुडघा चोळला.

"हो," ते म्हणाले.

"शपथ घेतलीस?"

"नाही घेतली."

"आणि हा चित्रकार? याला माहीत होतं?"

"याला?" मामांनी बाझीलकडे असं बघितलं, जसं बाजारात भाव न पटलेल्या विक्रेत्याकडे बघतात. "याला हाडांपलीकडे काय कळतं? मला घाटावरून धरून आणलं यानं. चाकं करतो म्हणून थाप मारली, खरं धरून चालला. अशा बावळटाला फसवायला काय अक्कल लागते?"

जन्मात पहिल्यांदा उर्बाँमामा खोटं बोलले. सफाईनं बोलले, हसत बोलले. ज्या माणसानं अर्ध्या शपथेसाठी घरदार सोडलं, त्यानं भाच्यासाठी अख्खं खोटं उभं केलं. बाझीलला त्या घडीला वाटलं की ओरडावं, हे माझे मामा आहेत, यांनी मला वाढवलं. मग त्याचं लक्ष ज्युस्तीनकडे गेलं. ती भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही हात पोटावर.

"नागरिक तेरिये," मोंसेल म्हणाला. "ओळखतोस याला?"

"नाही."

"घाटावर भेटायच्या आधी कधी पाहिलंस?"

"नाही ओळखत मी याला," बाझील म्हणाला. तोंड वाकडं न करता म्हणाला. एवढंच नव्हे, पुढे न विचारताच म्हणाला, "मला फसवलं यानं."

ते शेवटचं वाक्य मामांनी सांगितलेलं नव्हतं. ते त्यानं स्वतःच्या मनानं जोडलं. मामांनी मान खाली घातली.

मोंसेलनं सुरळी उलगडून टेबलावर ठेवली. "मग चित्राखाली लिही. रोमन नाही, काय आहे ते लिही. पुरावा म्हणून लागेल. आणि सही कर."

बाझीलनं खडू घेतला. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं चित्र त्याच्यासमोर होतं. त्याखाली त्यानं लिहिलं, 'पाद्र्याचा अभ्यास', आणि नेहमीच्या सवयीनं अक्षर नीट, वळणदार काढलं. सही केली.

मामांना कपडे करायला वेळ दिला. निघताना ते ज्युस्तीनपाशी थांबले. "सूप चांगलं करतेस हो नागरिके," म्हणाले. "मीठ जरा हात राखून घालतेस, तेवढंच." बाझीलकडे त्यांनी बघितलं नाही. बघितलं असतं तर खोटं उघडं पडलं असतं, हे बाझीलला कळत होतं. तरी ते बघतील म्हणून तो दारात उभा राहिला, जिन्यावरून पावलं खाली जाईपर्यंत.

ज्या दिवशी मामांना गिलोटिनकडे नेणारी गाडी निघाली त्या दिवशी तो गेला नाही. ज्युस्तीन म्हणाली, तुझा चेहरा बघून कुणीही ओळखेल. ते खरं होतं. पण तिनं म्हटलं नसतं तरी तो गेला नसता, आणि हेही खरं होतं. तो खिडक्या लावून आत बसला आणि खुर्चीवर टाकलेल्या रिकाम्या झग्याच्या घड्या काढत राहिला. चांगल्या उतरल्या. त्याला स्वतःचीच किळस आली, आणि तरी त्यानं ते पान फाडलं नाही.

मोठं चित्र त्यानं पुरं केलं. सुटी बोटं, प्लास्टरचं डोकं. परीक्षकांनी मान डोलावली, दोन शब्द बरे बोलले, आणि दुसऱ्या कुणाला तरी बक्षीस दिलं. मूल झालं, मुलगी झाली. उन्हाळा संपता संपता ज्यांनी मामांना नेलं होतं त्यांतल्या काहींची मानही त्याच यंत्राखाली गेली, आणि लोक रस्त्यात जरा मोठ्यानं बोलायला लागले. बाझीलनं माणसांची चित्रं काढायची सोडून दिली. दुकानांच्या पाट्या रंगवायचा, टोप्यांच्या डब्यांवर फुलं काढायचा.

द्राक्षं निघाल्यावर पेरिन आली. गाजरांच्या त्याच गाडीवाल्याबरोबर, कमरेत वाकलेली, डोक्याला काळा रुमाल. टोपलीत अंडी आणि मऊ चीज. नातीला मांडीवर घेतलं, तिचे पाय मोजल्यासारखे दाबून बघितले, "उर्बाँचे पाय आहेत," म्हणाली. मग बाळाला आईकडे दिलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. भाऊ गेला हे तिला मान गेलेल्यांच्या यादीवरून कळलं होतं. यादीपलीकडचं काही कळलं नव्हतं.

"तू होतास ना रे त्याच्याजवळ? शेवटी?"

ज्युस्तीन चुलीकडे वळली.

"होतो," बाझील म्हणाला.

"देवा." म्हातारीनं डोळे मिटले. तिचा सगळा देह सैल पडला, किती महिन्यांचं ओझं खाली ठेवल्यासारखा. "मला तेवढंच हवं होतं. आपलं माणूस बघत होतं त्याला. गावात सगळे म्हणायचे, एकटा गेला. मी म्हणायचे, माझा बाझील आहे तिथं." तिनं त्याचा हात हातात घेतला. "काय म्हणाला रे तो? काहीतरी म्हणाला असेल."

बाझीलला वाटलं, आता थांबता येणार नाही. त्यानं विचार केला, आणि त्याला जे येत होतं तेच त्यानं केलं. "मान ताठ होती, आई. पायऱ्या कुणाचा हात न धरता चढले. वर उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, मी माझ्या देवासाठी मरतो आहे, आणि माझं रक्त माझ्या देशाला अर्पण आहे. लोक गप्प झाले. एकानं तर टोपी काढली."

बोलता बोलता त्याला ते सगळं दिसायलाही लागलं होतं. चांगलं दिसत होतं.

पेरिनची पकड सुटली नाही, पण बोटं गार पडत गेली, हे त्याला कळलं.

"हे उर्बाँ बोलला?" तिनं विचारलं.

"हो."

"मोठ्यानं?"

"हो, आई."

"चर्चमध्येसुद्धा मागच्या रांगेला ऐकू यायचं नाही त्याचं," ती म्हणाली. ती रागावली नव्हती. नुसती त्याच्याकडे बघत होती, तापलेल्या पोराकडे बघतात तसं. "असं कधी बोलला नाही रे माझा भाऊ. एवढं मोठं कधी नाही बोलला."

बाझीलनं नजर खाली वळवली.

"तू नव्हतास तिथे," पेरिन म्हणाली.

ज्युस्तीन म्हणाली, "सासूबाई, मी सांगते..."

"नको गं पोरी. मला आता नको." तिनं त्याचा हात त्याच्याच मांडीवर परत ठेवला, कुणाची वस्तू कुणाला द्यावी तसा. मग उठली. अंडी कुठे ठेवायची ते सुनेला विचारलं, ती एकेक करून कोनाड्यात मांडली, रिकामी टोपली कोपरात अडकवली. बाळाच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढला. राहा म्हणून ज्युस्तीननं खूप विनवलं. गाडीवाला उजेड आहे तोवर निघणार आहे, असं म्हणाली, आणि ते खरंही होतं.

बाझील जिन्यापर्यंत मागे आला. "आई," तो म्हणाला.

पेरिननं वळून बघितलं नाही. तिला जिना उतरताना गुडघे फार त्रास देत होते, आणि ती भिंत धरून, एकेक पायरी करत, खाली उतरत गेली.